काळ्या बुरशीवर आळ

१

शुक्रवारी सकाळी स्वानंदीने दार उघडलं तर पायरीवर बाटल्या. काही सीलबंद, काही अर्ध्या, आणि एकीच्या तळाशी जेमतेम घोटभर. म्हणजे बाकीची पचवून झाल्यावर मालकाला विषाची आठवण झाली होती. एकाही शहाण्याने बेल वाजवलेली नव्हती. अमेरिकेतल्या या बेलव्ह्यूत मराठी माणसाला दारावरच्या कॅमेऱ्याकडे पाठ करून बाटली ठेवता येते, पण समोर उभं राहून 'अगं, झालं तरी काय?' एवढं विचारता येत नाही.

झालं होतं ते असं. स्वानंदी शोचू करायची. शोचू म्हणजे जपानी दारू, रताळ्याची. जपानात चार वर्षं घासून ती ही विद्या शिकून आली आणि बेलव्ह्यूच्या उत्तरेला, वाईनवाल्यांच्या वस्तीत एक शेड भाड्याने घेऊन तिने भट्टी लावली. परवाना काढला, बाटलीवर नाव आलं. गुरुवारी लॅबचा रिपोर्ट आला: नव्या बॅचमध्ये मिथेनॉल, कायद्याच्या मर्यादेच्या कितीतरी वर. मिथेनॉल म्हणजे तेच, ज्याने आपल्याकडे गावठी पिऊन माणसं आंधळी होतात.

त्याच संध्याकाळी तिचा भागीदार शंतनू याने अख्ख्या मराठी मंडळाला ईमेल पाठवली. घरात असलेल्या सगळ्या बाटल्या परत करा, जुन्यासुद्धा. स्वानंदीची बुरशी बिघडली आहे, वुई आर डीपली सॉरी. आणि स्वानंदीला वेगळा कागद: चूक माझी आहे, मी उत्पादनातून बाजूला होते. सोमवारपर्यंत सही. सही केली की भट्टी शंतनूची आणि डाग हिचा.

स्वानंदीने फोन केला तो नीलांबरी मावशींना. मावशी तिच्या मैत्रिणीची, नेत्राची आई. शिकागोच्या सरकारी प्रयोगशाळेत मेलेल्यांच्या पोटात काय काय होतं ते शोधण्यात त्यांची हयात गेली होती. आता गुडघे गेले म्हणून लेकीकडे येऊन राहिल्या होत्या आणि बेलव्ह्यूला नावं ठेवत दिवस काढत होत्या. शिकागोचे मेलेले इथल्या जिवंतांपेक्षा बरे, निदान खोटं बोलत नाहीत, असं त्या नेत्राच्या पाहुण्यांसमोर म्हणायच्या. इथे जो भेटेल तो सीनियर काहीतरी. ज्युनियर कोण, ते त्यांना अजून दिसलं नव्हतं.

या गावात त्यांना आवडलेली गोष्ट एकच. फेब्रुवारीत मंडळाच्या महाशिवरात्रीच्या फराळात रताळ्याचा कीस होता. पांढराशुभ्र, मोकळा, जिऱ्यामिरचीचा, अगदी माहेरी व्हायचा तसा. त्या दिवशी कुणाला नाव ठेवायला जागाच राहिली नाही, याची त्यांना थोडी चुटपुट लागून राहिली होती.

"कुणी केलं ते शोधायचं असेल तर येते," मावशी फोनवर म्हणाल्या. "रडायला सोबत हवी असेल तर नेत्राला पाठवते."

"कुणी केलं ते मला माहितीये मावशी," स्वानंदी म्हणाली. "मीच केलं. तुम्ही फक्त एवढंच सांगा, आधीच्या बाटल्या पिऊन कुणाचे डोळे जातील का?"

२

शेडमध्ये पाऊल टाकताच मावशींनी पदर नाकाला लावला. ओल्या गोणपाटाला यावा तसा वास. आतल्या उबदार खोलीत लाकडी ट्रे मांडलेले, त्यांत वाफवलेला तांदूळ, आणि तांदळावर काळी बुरशी.

"ही कोजी," स्वानंदी म्हणाली. "आधी तांदळावर बुरशी धरायची. मग पाण्यात यीस्टबरोबर घालायची. आठवड्याने त्यात वाफवलेली रताळी. आंबलं की भट्टीवर चढवायचं. आधी मी पांढरी बुरशी वापरायचे. या वेळी पहिल्यांदाच काळी आणली."

"आणि पांढरीच्या बाटल्या?"

"सगळ्या टेस्ट केलेल्या. सगळ्या पास."

"मग त्या पिऊन कुणाचे डोळे जाणार नाहीत. अक्कल आधीच गेलेली असेल तर तिचा दोष तुझ्याकडे नाही. आता सांग, मिथेनॉल कुठून आलं?"

"काळ्या बुरशीने केलं. तिच्या एन्झाइमने. शंतनूने मला पेपर पाठवला."

"वाचलास?"

"समरी वाचली."

मावशींनी तिच्याकडे नुसतं बघितलं. चार वर्षं जपानात हातांनी भात उलटलेली बाई, आणि कसल्याशा ॲपने काढून दिलेल्या चार ओळी वाचून गुन्हा कबूल करायला निघाली होती.

"आणि मला आधीच शंका आली होती," स्वानंदी खालच्या आवाजात म्हणाली. "आईच्या ऑपरेशनसाठी मी फेब्रुवारीत पुण्याला गेले. कोजी करून, टाकीत घालून गेले. पुढचं सगळं श्रीरंगने केलं, फोनवर माझं ऐकून. रताळी घातली, आंबवलं, भट्टीवर चढवलं. परत आले तेव्हा दारू टाकीत तयार होती. मी ग्लास नाकाला लावला, तर रताळ्याचा वासच नाही. साफ, कोरडी, पाणीदार. मला वाटलं नवीन बुरशीने वास खाल्ला. तिथेच थांबायला हवं होतं."

"थांबून काय केलं असतंस?"

"ही फेकून दिली असती." तिने ट्रेकडे हात केला. "आता तरी फेकणारच आहे. उद्या सगळे ट्रे वाफेत घालते. जिने विष केलं, ती घरात कशाला ठेवू?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मावशींना रडणाऱ्यांची चीड होती. पण ही बुरशीसाठी रडत होती, नवऱ्यासाठी नाही, म्हणून त्यांनी तेवढं चालवून घेतलं.

"बाटली लॅबला कशी गेली?"

मंगळवारी दुपारी स्वानंदीने टाकीतून एक बाटली भरली आणि ऑफिसातल्या फळीवर ठेवली. रात्रभर ती तिथेच होती. बुधवारी सकाळी शंतनू ती लॅबला देऊन आला. शेडची किल्ली तिघांकडे: ती, नवरा श्रीरंग, आणि शंतनू. त्या मंगळवारी संध्याकाळी मंडळाच्या सुलभाकाकूही येऊन गेल्या, कसली तरी पातेली परत करायला.

"टाकीतली आणखी एक बाटली भर," मावशी म्हणाल्या. "माझ्या ओळखीच्या माणसाकडे पाठवते. मग सह्याबिह्या बघू."

स्वानंदीने मान हलवली. "टाकी रिकामी आहे, मावशी. रिपोर्ट आला त्याच तासाला शंतनूने सगळी गटारात सोडली. सेफ्टीसाठी."

३

शंतनू स्वतःच आला आणि मावशींना घरी सोडतो म्हणाला. वय चाळिशीच्या आत, अंगावर कंपनीचं जाकीट, आणि पायांत बूट असे की चिखलाने त्यांच्याकडे बघूही नये. मोठ्या कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर होता. भट्टीच्या टाकीला त्याने सेन्सर लावले होते आणि तापमान तो ऑफिसात बसून फोनवर बघायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मावशींनी आजवर ऐकलं होतं, डोळ्यांनी आज बघितलं.

"बॅग द्या मावशी, पुढे ठेवतो." त्याने गाडीचं बॉनेट उघडलं. इंजिनाच्या जागी डिकी. आत बर्फ खरवडायची पट्टी, पोरांचे बूट, एक पिवळी बाटली, योगाची चटई. मावशींची पिशवी त्यांत बसली. गाडी सुरू झाली तरी आवाज नाही. मावशींना मुकी गाडी आणि बोलका ड्रायव्हर दोन्ही आवडले नाहीत.

"बुरशी मिथेनॉल करते म्हणजे नेमकं काय करते?" त्यांनी विचारलं.

प्रश्नाने तो खुलला. "सिंपल आहे. रताळ्यात पेक्टिन असतं. जॅम घट्ट होतो ना, ते. पेक्टिनला छोटे छोटे मिथाइलचे तुकडे लटकलेले असतात. बुरशीचं एन्झाइम कात्री. ते तुकडे कापतं, पाण्यात सोडतं, झालं मिथेनॉल. भट्टीवर चढवलं की दारूबरोबर तेही वर येतं."

"अगदी बरोबर," मावशी म्हणाल्या. हे त्यांना जड गेलं. "पण जपानात लोक शेकडो वर्षं रताळ्याची पितात. त्यांचे म्हातारे चष्मा लावून पेपर वाचतात."

"कारण नॉर्मली ते थोडंच असतं. पण काळ्या बुरशीची ही नवीन जात! किती कात्र्या चालवेल, हू नोज? मी तिला सांगितलं होतं, यार, बुरशीच्या नादी लागू नकोस. कॅनमधली कॉकटेल्स करू. बिनवासाचं न्यूट्रल स्पिरिट विकत घ्यायचं, लिंबू पिळायचं. स्केल होतं. ती ऐकते कुठे."

"ही बॅच रताळ्याचीच होती ना?"

"ऑफ कोर्स. फोनवरच्या डॅशबोर्डवर आहे. दाखवू?"

"नको. चालवताना फोन बघू नकोस. तू बघितलंस का, रताळी टाकीत पडताना?"

तो हसला. "मावशी, मी दर आठवड्याला डेटा बघतो. रताळी बघायला श्रीरंग आहे." मग त्याने आवाज खाली केला. "मला बोलायचं नाही, पण श्रीरंगवर लक्ष ठेवा. फेब्रुवारीपासून माझ्या नजरेला नजर देत नाही. काहीतरी लपवतोय. आणि सुलभाकाकू? दारूचा तिटकारा. मंगळवारी शेडमध्ये येऊन गेल्या. त्यांच्याकडे फराळ गरम ठेवायला भांड्याखाली पेटवतात ते इंधनाचे डबे असतात ना? मिथेनॉलच असतं त्यांत."

"एवढं कसं माहीत तुला?"

"गूगल केलं."

घर आलं. मावशी पिशवी घेऊन उतरल्या. मघाशी बुरशीने केलं म्हणणारा हा पोरगा आता दोन माणसांकडे बोट दाखवत होता. एकच गुन्हा, आणि याच्याकडे गुन्हेगार तीन तयार. बुरशी पकडली तर बुरशी, नाहीतर नवरा, नाहीतर काकू.

४

श्रीरंग नागपूरचा. दिवसभर घरून काम करायचा आणि बायकोला भ्यायचा. मावशींनी त्याच्याच स्वयंपाकघरात त्याला गाठलं तेव्हा तो पायरीवरच्या बाटल्या खिडकीतून बघत उभा होता, उचलायची हिंमत त्यालाही झाली नव्हती.

"फेब्रुवारीत शेडमध्ये काय केलंस?"

"तिने सांगितलं तेच, मावशी."

"रताळी वाफवलीस?"

"हो... म्हणजे वाफवलं."

"काय वाफवलंस?"

त्याने नळ सोडला, स्वच्छ कप पुन्हा धुतला, नळ बंद केला. "तुम्ही तिला सांगणार का?"

"काय सांगणार ते कळल्यावर ठरवीन."

"मग नाही सांगत," तो म्हणाला. नागपूरच्या माणसाला बोलतं करायला एरवी कष्ट पडत नाहीत. हा गप्प बसला, म्हणजे घाबरला होता. पण कशाला घाबरला होता? विष कालवणारा माणूस पोलिसांना भितो. हा बायकोला भीत होता.

मावशी तिथून सुलभाकाकूंकडे गेल्या. सुलभाकाकू मंडळाच्या अध्यक्ष. बारा महिने नऊवारीची भाषा आणि जीन्समध्ये वावर. दारूविषयी विचारण्याचा अवकाश, त्यांनी व्याख्यान सुरू केलं. आपल्या पोरींनी भट्ट्या लावायच्या, काय ही वेळ, मी तर त्या जागेत पाय ठेवत नाही.

"मंगळवारी ठेवलात ना. पातेली परत करायला."

"पातेली होती. त्याचं काय?"

"भट्टीतली पातेली तुमच्याकडे कशी आली?"

काकूंनी चहा ओतला. कपातून बशीत, बशीतून टेबलावर.

मावशींनी त्यांच्या शेगडीशेजारचा डबा उचलला. फराळाखाली पेटवायचा, तोच. झाकण काढून बोटाने दाबून बघितलं. आत गुलाबी जेली. ही कालवून पाण्यासारखी स्वच्छ बाटली कोण करणार? शंतनूच्या गूगलला जेली आणि पाणी सारखंच. त्यांनी डबा ठेवून दिला आणि भलताच प्रश्न विचारला.

"शिवरात्रीचा कीस तुम्ही केला होता?"

"हो," काकू सावध झाल्या. "आवडला होता ना तुम्हाला?"

"फार. म्हणूनच विचारते. इथल्या दुकानात मिळतात ती रताळी आतून केशरी. किसली की लगदा. शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांत फिरून फिरून मला कधी धड मिळाली नाहीत. तुमच्या किसाचा दाणा न् दाणा मोकळा होता. अख्ख्या मंडळाला पुरेल एवढी पांढरी रताळी तुम्ही आणलीत कुठून, सुलभाताई?"

काकूंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यांनी उठून स्वयंपाकघराचं दार लावलं, घरात दुसरं कुणी नसताना. मग मावशींच्या कानाशी वाकून, महादेवाची शपथ घालून, जे सांगितलं ते ऐकून मावशी हसल्या. बेलव्ह्यूत आल्यापासून पहिल्यांदा.

५

शनिवारी दुपारी मावशींनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. ट्रे वाफेत घालू नकोस, एवढं त्यांनी स्वानंदीला सकाळीच बजावलं होतं. तरी स्वानंदीने वाफेचं भांडं काढून ठेवलं होतं. टेबलावर तिचा सहीचा कागद होता, शंतनूने सोबत पेनही आणलं होतं. श्रीरंग दाराशी, सुलभाकाकू रुमाल चुरगाळत खुर्चीवर.

मावशींनी डबा उघडला आणि सगळ्यांना बशीत रताळ्याचा कीस वाढला. कुणाला कळेना, पण बेलव्ह्यूत वाढलेलं कुणी नाकारत नाही.

"शंतनू, खा. आवडतो ना तुला?"

"खूप," तो म्हणाला. "शिवरात्रीला तर मी तीनदा घेतला होता. दही घालून."

"मी बघत होते. आता एक गोष्ट सांगते, ती तूच मला शिकवलीस. बुरशीचं एन्झाइम कात्री. पेक्टिनला लटकलेले तुकडे कापते, त्याचं मिथेनॉल होतं. बरोबर?"

"एक्झॅक्टली."

"कात्री नवीन असो, जुनी असो, पांढरी की काळी. समोर कापडच नसेल तर काय कापेल?"

"म्हणजे?"

"म्हणजे पेक्टिनच नसेल तर? बुरशी हवेतून मिथेनॉल काढत नाही. रताळं दिलं तर थोडं निघेल. तांदूळ दिला तर नावालासुद्धा नाही. तांदळात पेक्टिन असतं कुठे? तांदळाचा जॅम केलेला ऐकलायस कधी?"

"पण ही बॅच रताळ्याची होती," शंतनू म्हणाला. "डॅशबोर्डवर..."

"श्रीरंग," मावशी म्हणाल्या, "आता बायकोला सांग. मी आहे इथे, मारणार नाही ती."

श्रीरंगने बायकोकडे न बघता सांगितलं. महाशिवरात्रीच्या पहाटे सुलभाकाकूंचा फोन आला. मंडळाने मागवलेली रताळी केशरी निघाली होती, किसायला घेतली तर चिखल. दोनशे माणसांचा उपास, आणि स्वानंदीच्या शेडमध्ये जपानी जातीची रताळी पोत्यांनी पडलेली. बाहेरून जांभळी, आतून पांढरी, आपल्या रताळ्यांची सख्खी बहीण. काकू रडकुंडीला आल्या. तो नाही म्हणू शकला नाही. सगळी देऊन टाकली, वर पातेलीही दिली. टाकीत कोजी वाट बघत होती, ती फुकट जाईल म्हणून त्याने तांदूळ वाफवून घातला. बायको पुण्यात आईच्या उशाशी. तिला कोणत्या तोंडाने सांगणार? मग आज सांगू, उद्या सांगू करता करता राहून गेलं.

"कुठला तांदूळ?" स्वानंदीने विचारलं. आवाज भलताच शांत होता.

"कोलम."

"आणि तुम्ही?" ती सुलभाकाकूंकडे वळली.

"मी कशी सांगणार बाई," काकू रुमालात म्हणाल्या. "शंकराच्या उपासाचा फराळ दारूच्या भट्टीतून आला असं कळलं असतं तर लोकांनी मला जगू दिलं नसतं. मी श्रीरंगलाही शपथ घातली."

मावशींनी दोघांकडे सारख्याच तिरस्काराने बघितलं. एकाला बायकोची भीती, एकीला मंडळाची. या दोघांच्या मौनापायी ती पोरगी जन्मभर स्वतःच्या हातांना विषारी समजत राहिली असती आणि सोमवारी सही करून मोकळी झाली असती.

"तर बॅच तांदळाची. तरी बाटलीत मिथेनॉल. म्हणजे ते आतून आलं नाही, बाहेरून घातलं. घातलं कुणी? श्रीरंगने? त्याला पक्कं ठाऊक होतं की टाकीत तांदूळ आहे. सुलभाताईंनी? त्यांना माहीत होतं की रताळी आपल्या पातेल्यात आहेत. दोघांपैकी कुणाला घातपात करायचा असता तर 'बुरशीने रताळ्यातून विष काढलं' ही गोष्ट त्यांना सुचलीच नसती. ती गोष्ट जुळवली अशाने, ज्याला बॅच रताळ्याची वाटत होती, ज्याने पेपर वाचला, आणि जो टाकीजवळ कधी फिरकला नाही."

शंतनूने बशी खाली ठेवली. "दॅट इज नॉट प्रूफ."

"प्रूफ? लॅबमध्ये तुझ्या बाटलीतलं उरलेलं आहे. काल फोन केला मी, जपून ठेवा म्हणाले. रताळ्याच्या दारूला वासाचे स्वतःचे घटक असतात, ते त्यात नसणार. मिथेनॉल मात्र भरपूर. आणि त्याबरोबर आणखी एक सापडेल, गंज धरू नये म्हणून घालतात ते. तुझ्या गाडीच्या पुढच्या डिकीत पिवळी बाटली आहे बघ. कडाक्याच्या थंडीत पेट्रोलच्या नळीत पाणी गोठू नये म्हणून टाकतात. शिकागोत दर हिवाळ्यात मी माझ्या गाडीत ओतायची. जवळजवळ निव्वळ मिथेनॉल. तुझी गाडी विजेवर चालते, शंतनू. तिला पेट्रोलची नळीच नाही."

आतल्या खोलीतला पंखा तेवढा घरघरत होता.

"फेकून का नाही दिलीस?" मावशींनी विचारलं. हे त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"ती साध्या कचऱ्यात टाकता येत नाही," शंतनू म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. "हॅझर्डस वेस्टचा दिवस पुढच्या शनिवारी आहे."

मावशींनी आयुष्यात नाना प्रकारचे गुन्हेगार बघितले होते. मैत्रिणीचा गळा कापायला याचा हात कापला नाही, पण चुकीच्या डब्यात बाटली टाकायला कापला. असला नमुना बेलव्ह्यूतच पिकतो.

"मला कुणाला इजा करायची नव्हती," तो म्हणाला. "फक्त एक फेल रिपोर्ट हवा होता. कोणी प्यायलं नसतं. म्हणून तर टाकी सोडली मी. ती बाजूला झाली असती तर आपण कॅन लाँच..."

"तू टाकी सोडलीस ती दुसरी टेस्ट होऊ नये म्हणून. आणि तुझ्याविरुद्धचा खरा पुरावा ती रताळी होती. ती टाकीत नव्हती, तुझ्या ताटात होती. तीनदा वाढून घेतलीस, दही घालून. दुसरा कुणी एवढ्या चवीने स्वतःचा पुरावा खाल्लेला मी पाहिला नाही."

शंतनू उठला. पेन न्यायला विसरला. दारापर्यंत गेल्यावर त्याला कुणीतरी थांबवेल असं वाटलं असावं, तो घुटमळला. श्रीरंगने दार उघडून धरलं.

"बाटली गाडीतच राहू दे," मावशी मागून म्हणाल्या. "लॅबवाले आणि तुझे वकील आता तिची व्यवस्था करतील."

६

सुलभाकाकू निघाल्या तेव्हा मावशींनी त्यांना खुर्चीत परत बसवलं. "फोन काढा. मंडळाच्या ग्रुपवर लिहा. शंतनूने काय केलं ते. आणि फराळ कुठून आला होता तेही."

"तेही?"

"त्यावाचून पहिलं कुणी मानणार नाही. ती पोर विषाचा आळ घेऊन बसली होती तुमच्यापायी. तुम्ही चार टोमणे घ्या."

काकूंनी डोळे पुसत लिहिलं. पाठवताना महादेवाचं नाव घेतलं. मावशींना त्यांचा थोडा आदर वाटला, फार नाही.

स्वानंदी अजून टेबलाशीच होती. तिच्या पिशवीत पायरीवरची एकच बाटली होती, ती तळाशी घोटभर उरलेली. का आणली ते तिलाही सांगता आलं नसतं. तिने बूच काढून बाटली नाकाला लावली. जुनी बॅच, पांढऱ्या बुरशीची.

"रताळं," ती म्हणाली. "भाजलेल्या रताळ्याचा वास आहे, स्वच्छ. नव्यात हा नव्हता. मला कळायला हवं होतं, मावशी."

"कळलं होतं तुला. पहिल्या दिवशी, पहिल्या ग्लासात. तुझं नाक सांगत होतं की यात रताळं नाही. तू नाकाला विचारलं नाहीस, त्या बूटवाल्याला विचारलंस. याचा मला शंतनूच्या करणीपेक्षा जास्त राग येतो."

स्वानंदीने मान खाली घातली. मग कागद उचलला, मधोमध फाडला आणि वाफेच्या भांड्याखाली सारला. श्रीरंग दाराशी तसाच उभा होता.

"तुझ्याशी घरी बोलते," ती त्याला म्हणाली. "तोपर्यंत हात धू. ट्रे धरायला लागशील."

तिचा फोन वाजला. घराच्या दारावरच्या कॅमेऱ्याने कळवलं, पायरीवर कुणीतरी आहे. पडद्यावर एक गृहस्थ कॅमेऱ्याकडे पाठ करून वाकलेले, आपली बाटली कुठली ते शोधत. त्यांच्या मागे आणखी एक गाडी येऊन थांबत होती. काकूंचा निरोप पोहोचला होता.

"यांच्याशी बोलायचंय?" श्रीरंगने विचारलं. "स्पीकर चालू करू?"

"नको," स्वानंदी म्हणाली. "ठेवताना बेल वाजवली नाही. नेतानाही वाजवायची गरज नाही."

तिने फोन उलटा ठेवला आणि बाह्या सारून आतल्या खोलीत गेली. दुपार उलटत होती, कोजी वरखाली करायची वेळ होऊन गेली होती. पहिला ट्रे तिने स्वतः घेतला, काळ्या तांदळात दोन्ही हात घातले आणि तो सावकाश मोकळा करायला लागली. मावशी पदर नाकाला लावून दारात उभ्या राहिल्या, पण गेल्या नाहीत.